परिशिष्टातला लेखनिक : लघुलेखन, ध्वनिमुद्रण आणि पंडवानीची संहिता

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत गणपतीला जागा मिळाली ती परिशिष्टात. वि. सी. सुकथनकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. हस्तलिखितांच्या साक्षीवरून व्यास-गणेश प्रसंग त्यांनी मूळ संहितेतून वगळला. उपलब्ध पोथ्यांचा पुरावा पाहता हा निर्णय योग्यच होता आणि त्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु प्रक्षिप्त ठरलेली ही कथा बोलणे आणि ते टिपणे यांच्या संबंधाविषयी जे सांगते, ते मूळ संहितेतल्या कित्येक श्लोकांपेक्षा अधिक विचार करायला लावणारे आहे. गणपतीची अट अशी की लेखणी थांबता कामा नये; व्यासांची प्रतिअट अशी की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहू नये. पहिली अट वेगाची आणि दुसरी आकलनाची आहे. उच्चारित शब्द कागदावर किंवा यंत्रावर उतरवण्याचे जे जे प्रयत्न पुढे झाले, ते सारे या दोन अटींच्या दरम्यान कोठे तरी उभे आहेत.

हा विषय हाती घेण्याचे निमित्त भिलाई-दुर्ग परिसरातील पंडवानीचे आहे. महाभारताचीच ही छत्तीसगढी कथागायनपरंपरा गेल्या अर्धशतकात कॅसेट, आकाशवाणी, दूरदर्शन आणि आता भ्रमणध्वनी अशा मार्गांनी सर्वदूर पोहोचली आहे. तिच्या ध्वनिमुद्रिकांवरून लिखित पाठ तयार करणे आणि त्यांचे हिंदी-मराठी अनुवाद करणे ही कामे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला आता टाळता येण्याजोगी राहिलेली नाहीत. अशा वेळी सर्वसाधारण समजूत अशी दिसते की, पूर्वी लेखनिक होता म्हणून पाठ अविश्वसनीय होता आणि यंत्र आल्यावर लेखनिकाची गरज संपून पाठ निर्दोष झाला. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. यंत्राने लेखनिकाला हटवले नाही. त्याने त्याचे काम पुढच्या तारखेवर ढकलले आणि त्याचे नाव पुसून टाकले. आपली जुनी परंपरा या बाबतीत अधिक सावध होती.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ या रचनाकाळाबरोबरच सच्चिदानंदबाबांचा लेखक म्हणून उल्लेख येतो. ग्रंथ सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, ही गोष्ट तेथे लपवलेली नाही. तुकारामांचे अभंग टिपून घेणारे संताजी जगनाडे हे परंपरेनुसार त्यांच्या कीर्तनातले टाळकरी होते. म्हणजे शब्द टिपणारा हात आणि शब्दाला साथ देणारा हात एकच होता. या सगळ्यांत पद्धतशीर उदाहरण मात्र महानुभावांचे आहे. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागदेवाचार्यांच्या व इतर अनुयायांच्या आठवणींतून जमवल्या. मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाल्यावर पुन्हा स्मरणातूनच पाठ उभे राहिले. या प्रक्रियेत जे पाठभेद निर्माण झाले त्यांना महानुभावांनी ‘वासना’ हा शब्द योजला आणि वासना कोणाची तेही नोंदवले. हिराइसेची वासना, परशरामबासांची वासना. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या आवृत्तीमुळे चर्चा पाठाच्या अस्सलपणाभोवती फिरत राहिली आणि या शब्दाकडे जावे तितके लक्ष गेले नाही. पाठभेद म्हणजे लेखकाची चूक नव्हे, तो ऐकणाऱ्याच्या मनाचा संस्कार आहे, असे मानणारी परिभाषा मराठी गद्याने आपल्या आरंभकाळीच घडवली होती. पाश्चात्य संहिताचिकित्सेत नकलकाराच्या दोषांची भली मोठी यादी सापडते. श्रोत्याच्या संस्काराला असा प्रतिष्ठित शब्द सहसा सापडत नाही.

लघुलेखनाच्या आगमनाने ही परिभाषा मोडीत काढली. आयझॅक पिटमनने १८३७ साली मांडलेली पद्धत उच्चारावर आधारलेली आहे. व्यंजनांसाठी सरळ किंवा वक्र रेघा. अघोष व्यंजनाची रेघ बारीक, तर त्याच्या जोडीच्या घोष व्यंजनाची जाड. स्वर टिंबांनी किंवा लहान आडव्या खुणांनी दाखवायचे, पण सराव झालेला लेखक ते सोडून देतो. रेघ ओळीच्या वर, ओळीवर की ओळ छेदून काढली आहे, यावरून शब्दातल्या पहिल्या स्वराची कल्पना येते. इंग्रजीत हे निभते. मराठीत दोन अडचणी उभ्या राहतात. क-ख-ग-घ ही चौकडी आणि दंत्य-मूर्धन्य भेद बारीक-जाड या एकाच फरकात मावत नाहीत, ही पहिली. आणि ती जादा खुणांनी सोडवता येते. दुसरी अडचण व्याकरणाच्या गाभ्यातली आहे. मराठी क्रियापदाचे लिंग, वचन, पुरुष बहुतांशी अंत्य स्वरावर उभे असते. गेला, गेली, गेले, गेलो, गेल्या: स्वर काढून घेतले की या सर्वांतून ‘ग’ आणि ‘ल’ एवढाच सांगाडा उरतो. अंत्य स्वराची काही सोय मराठी लघुलिपीला करावीच लागते. पण मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वेगात सर्वांत आधी सुटते ती हीच सोय. कोण गेले, एकटे की अनेक, पुरुष की स्त्री, मी की ती, हे नंतर टिपणावरून सविस्तर प्रत काढताना संदर्भाने भरावे लागते. म्हणजे व्यासांची अट येथे अपरिहार्य ठरते. अर्थ समजलेला नसेल तर टिपण वाचताच येत नाही. (मराठीने या विद्येला ‘लघुलेखन’ म्हटले, हिंदीने ‘आशुलिपी’. एकाने आकाराकडे पाहिले, दुसऱ्याने वेगाकडे. अर्थ भरून काढणाऱ्याकडे दोघांनीही पाहिले नाही.)

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लघुलिपीत वारंवार येणाऱ्या शब्दांना शब्दचिन्हे असतात आणि ठरावीक शब्दसमूह एका जोडरेघेत बसवता येतात. सभागृहातले आदरार्थी संबोधन एका फटकाऱ्यात उतरते. बोलणाऱ्याने ऐन वेळी घडवलेला नवा शब्द मात्र सर्वांत अधिक वेळ खातो. साचेबंद बोलणे या लिपीला प्रिय आहे. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी मौखिक महाकाव्याच्या अभ्यासात ज्याला सूत्र म्हटले, ते गायकाला पुढची ओळ रचण्यासाठी उसंत देते. लघुलेखकाचा शब्दसमूह पुढचे वाक्य गाठण्यासाठी उसंत देतो. दोन्हीकडे साचा ही काळाची बचत आहे. फरक एवढाच की गायकाचा साचा श्रोत्यांनी ओळखलेला असतो आणि लघुलेखकाचा साचा वक्त्याच्या नकळत त्याच्या भाषणात शिरतो.

ही केवळ तांत्रिक बाब नव्हे, हे १९१६ च्या टिळक प्रकरणावरून दिसते. १ मे रोजी बेळगावला आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) टिळकांनी स्वराज्यावर मराठीत भाषणे केली. गुप्त पोलीस खात्याच्या लघुलेखकांनी ती टिपली. २३ जुलैला, साठाव्या वाढदिवशी, त्यांना नोटीस मिळाली; पुण्याचे जिल्हा न्यायदंडाधिकारी हॅच यांनी वर्षभराच्या सद्वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. जिना हे टिळकांचे वकील होते. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. राजकीय इतिहासात हे प्रकरण स्वराज्याची मागणी राजद्रोह ठरत नाही या निष्कर्षासाठी उद्धृत होते. साहित्याच्या अभ्यासकाने त्यातला पाठाचा प्रवास पाहावा. टिळकांच्या तोंडची मराठी, तिच्या रेघा, रेघांवरून काढलेली मराठी प्रत, त्या प्रतीचे इंग्रजी भाषांतर आणि त्या भाषांतरावर न्यायासन. इतक्या हातांतून गेलेल्या मजकुरावर एखादा माणूस राजद्रोही आहे की नाही, हे ठरायचे होते.

त्यातही टिळकांच्या युक्तिवादाचा आधार एका सूक्ष्म भेदावर होता. राजसत्ता आणि नोकरशाही यांतला फरक त्यांनी वेदान्ताच्या परिभाषेत, निर्गुण आणि सगुण अशा अंगाने मांडला होता. ‘सरकार’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरायचा आणि कोणत्या क्षणी कोणता अर्थ हे श्रोत्यांनी ओळखायचे, ही त्या वक्तृत्वाची खुबी. श्रोते ते आवाजावरून ओळखतात: कोठे वक्ता थांबला, कोठे स्वर चढला, कोठे हशा पिकला. लघुलिपीत ‘सरकार’ची रेघ दोन्ही वेळी सारखीच येते. उच्च न्यायालयाने भाषणे सुटी सुटी वाक्ये तोडून न पाहता संपूर्ण परिणामाच्या दृष्टीने वाचली, हे म्हणूनच महत्त्वाचे वाटते. कायद्याच्या भाषेत ती समतोल न्यायबुद्धी होती. संहिताचिकित्सेच्या भाषेत, टिपणातून जे गळाले होते ते संदर्भाने भरून काढण्याचे काम न्यायासनाने केले. हॅच यांनी त्याच टिपणांतून वेगळा संदर्भ भरला होता. महानुभावीय परिभाषा वापरायची तर एकाच टिपणाच्या या दोन वासना होत्या.

शत्रुभावाने ऐकणाऱ्या लेखनिकाच्या शेजारी भक्तिभावाने ऐकणारा लेखनिक ठेवून पाहावा. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर दर रविवारी एक याप्रमाणे अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांचा हात चपळ होता आणि मन भरून आलेले होते. ‘गीता प्रवचने’ या ग्रंथाची भाषा विनोबांच्या इतर लेखनाशी ताडून पाहिली की तिच्यातली आर्जवी लय, घरगुती दृष्टांतांचा लळा आणि छोट्या वाक्यांची धाव चटकन वेगळी उठून दिसते. विनोबांचे स्वहस्ते केलेले गद्य सूत्रमय, काटेकोर, किंचित रुक्षतेकडे झुकणारे आहे. प्रवचनांतली सगळी आर्द्रता साने गुरुजींची, असे म्हणणे अर्थातच अतिरेकी होईल. समोर कैदी बसलेले असताना विनोबाही वेगळे बोलत असणार, आणि हा पाठ पुढे त्यांच्या नजरेखालून गेलेला आहे. परंतु त्या गद्याचे कर्तृत्व अविभक्त आहे एवढे तरी मान्य करायला हवे. आपल्या वाङ्मयेतिहासांत साने गुरुजींचा येथला वाटा कृतज्ञतेच्या एका वाक्यात संपतो. शैलीविचारात त्याला स्थान मिळत नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. या पुस्तकाची रचना कशी आहे? प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम सांगतो आणि आश्रमातले मित्र ऐकतात. श्रोत्यांचे येणे, बसणे, विचारणे हा कथनाचा भाग आहे. तुरुंगातल्या रविवारी दुसऱ्याचे बोलणे टिपताना जो श्रवणाचा साचा हाताला लागला, तोच स्वतःच्या आठवणी सांगण्यासाठी त्यांनी उपयोगात आणला, असे अनुमान मला रास्त वाटते. बायबलपासून पंचतंत्रापर्यंत कथाचौकटीची इतर कितीतरी उगमस्थाने दाखवता येतील. तरीही लेखनिकाने लेखक होताना श्रोता सोडला नाही, ही गोष्ट उरतेच.

यंत्राकडे वळू. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड, मराठीला वाहिलेला, १९०५ साली निघाला. बस्तरची हलबी त्यात मराठीच्या आश्रयाने आली. छत्तीसगढीला त्याआधी सहाव्या खंडात पूर्व हिंदीत स्थान मिळाले होते. पुढे १९१३ ते १९२९ या काळात सर्वेक्षणाला जोडून ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. जिवंत भाषेचा आवाज प्रथमच टिकाऊ झाला, अशी त्यांची ख्याती आहे. पण बोलायचे काय? मुख्य नमुना उधळ्या पुत्राच्या दृष्टांतकथेचा होता. बायबलातली कथा स्थानिक भाषेत लिहून घ्यायची आणि ती कर्ण्यासमोर म्हणायची. म्हणजे तबकडीवर उतरला तो लिखित अनुवादाचा उच्चार. गावात बोलली जाणारी भाषा नव्हे. तुलनेच्या शास्त्राला समान मजकूर हवा होता, हे समजू शकते. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, हीही सक्ती होती. परंतु येथे लेखनिक यंत्राच्या आधीच उभा होता आणि तबकडी ऐकणाऱ्याला तो दिसत नव्हता.

पॅरीने १९३३ ते १९३५ या वर्षांत युगोस्लाव्हियात दोन फिरत्या पाटांचे यंत्र नेले, ते नेमकी ही तीन-चार मिनिटांची सक्ती मोडण्यासाठी. एक ॲल्युमिनियमची तबकडी भरत आली की दुसरी सुरू होई आणि गायकाला थांबावे लागत नसे. वेगाची गणेशी अट यंत्राने पुरी केली. गंमत अशी की, त्या संग्रहातील सर्वांत गौरवलेले काव्य, अव्दो मेजेदोविच याचे बारा हजारांहून अधिक ओळींचे स्मैलागिच मेहोच्या विवाहाचे आख्यान, हे यंत्राने नव्हे, पॅरीचा सहायक निकोला वुयनोविच याच्या हाताने लिहून घेतलेले आहे. लॉर्डने पुढे असे मत मांडले की लिहून घेताना गायकाला उसंत मिळते आणि चांगल्या गायकाचे काव्य त्यामुळे अधिक समृद्ध होते. लेखनिकाचा संथपणा हा केवळ अडथळा नसतो, तो रचनेचा घटक असतो.

आता भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून हे पोलादनगर उभे राहिले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली. इंग्रजी, रशियन आणि हिंदी या भाषा येथे पहिल्या दिवसापासून कागदावर होत्या: दुभाषे, स्टेनो, टंकलेखक, इतिवृत्ते. नागपूर-विदर्भातून आलेल्या कुटुंबांची मराठी आणि भोवतालच्या खेड्यांची छत्तीसगढी या घराच्या, बाजाराच्या, पाळी सुटल्यावरच्या भाषा राहिल्या; त्यांचे टिपण घेण्याचे कोणाला कारण नव्हते. भिलाईपासून काही कोसांवरच्या गनियारीच्या तीजनबाई याच पोलाद कारखान्याच्या नोकरीत होत्या. आजोबा ब्रजलाल यांच्या तोंडून ऐकून त्यांनी कथा आत्मसात केली आणि तेराव्या वर्षी चंद्रखुरीला पहिला कार्यक्रम केला. पंडवानीच्या दोन रीती सांगितल्या जातात. वेदमती गायक बसून गातो आणि सबलसिंह चौहानांच्या हिंदी महाभारताचा आधार घेतो. कापालिक गायक उभा राहतो आणि कथा स्मरणातून, ‘कपाळा’तून काढतो. हे दोन निकष, आसनाचा आणि आधाराचा, प्रत्यक्षात नेहमी जुळत नाहीत. तीजनबाईंनी चौहानांचे महाभारत ऐकूनच आत्मसात केलेले, पण त्या उभ्या राहिल्या. स्त्रियांनी गायचे तर बसून, या रिवाजाला तो धक्का होता आणि त्याची किंमत त्यांना आपल्या समाजात मोजावी लागली.

पंडवानीचा प्रयोग दोघांच्या बोलण्यातून चालतो. मुख्य गायक कथा सांगतो आणि रागी त्याला हुंकारू देतो: ‘हौ’, ‘हाँ भाई’, मध्येच प्रश्न, मध्येच शंका, कधी चेष्टा. मराठी माणसाला हे परके नाही. गोष्ट ऐकताना हुंकारा द्यायचा, नाही तर सांगणारा थांबतो, हे आपल्या आजीनेही शिकवलेले आहे. पोवाड्यातल्या झीलकऱ्याचे ‘जी जी’ हे याच जातीचे. पण छापील पोवाड्यातून झीलकरी बहुधा गळतो आणि पंडवानीची ध्वनिफीत कागदावर येताना रागीचेही तेच होते. लिप्यंतर करणाऱ्याला कथा हवी असते आणि हुंकारू हा त्याला अडथळा वाटतो. येथे आपल्याला नवा लेखनिक भेटतो. तो मंचासमोर बसलेला नाही. तो वीस वर्षांनी दुसऱ्या गावात कानाला यंत्र लावून बसला आहे आणि कोणते आवाज भाषा आहेत व कोणते गोंगाट आहेत हे एकटा ठरवतो आहे. संताजी टाळकरी होते म्हणून त्यांनी जे टिपले त्यात साथीचे भान होते. हा लेखनिक साथीदार नाही आणि तरीही रागीच्या रिकाम्या जागेवर तोच बसतो.

कॅसेटने आणखी एक बदल घडवला. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. रात्र-रात्र चालणाऱ्या आख्यानातून अर्ध्या तासात पुरे होणारे प्रसंग निवडले गेले. दुःशासनवध आणि द्रौपदीचे वस्त्रहरण घरोघर पोहोचले. संथ पर्वे गावच्या मंडपातच राहिली. पंडवानी म्हणजे वीर आणि रौद्र रसांचा आवेश, असा जो समज बाहेरच्या समीक्षेत रूढ आहे, त्याला फितीच्या लांबीचाही हातभार लागला असावा.

सर्वांत अवघड प्रश्न क्रियापदाचा आहे आणि तो आपल्याला लघुलिपीच्या गळालेल्या स्वरांकडे परत नेतो. छत्तीसगढीत क्रियापदाला लिंग नाही. ‘मैं जाथंव’ हे पुरुषानेही म्हणावे आणि स्त्रीनेही. तंबुरा खांद्यावर घेऊन तीजनबाई भीम होतात तेव्हा त्यांच्या तोंडच्या ‘मैं’मध्ये भीम आणि तीजन दोघेही राहू शकतात, व्याकरण कोणालाही बाहेर काढत नाही. हिंदी लिप्यंतरकार ते ‘मैं जाता हूँ’ करतो आणि मराठी अनुवादक ‘मी जातो’ असे लिहितो. एका स्वराने स्त्री प्रयोगातून नाहीशी होते. ‘मी जाते’ लिहावे तर भीम नाहीसा होतो. मराठी लघुलेखक टिपणात जो अंत्य स्वर सोडत होता आणि प्रत काढताना संदर्भाने भरत होता, तोच स्वर येथे अनुवादकाला स्वतःच्या पदरचा घालावा लागतो, आणि भरण्यासाठी मुळात काही गळालेले नसते. छत्तीसगढीचा पाठ पूर्ण आहे. अपुरेपणा मराठीच्या मागणीतून निर्माण होतो.

यातून वाटा आहेत. भविष्यकाळात मराठीचे ‘मारीन’, ‘फोडीन’ लिंगनिरपेक्ष आहे आणि भीमाच्या प्रतिज्ञा भविष्यकाळीच असल्याने तेथे अनुवादकाला आपोआप सुटका मिळते. ‘मला जायचे आहे’, ‘माझ्याने राहवत नाही’ यांसारख्या रचनांचा आश्रय काही ठिकाणी घेता येईल. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जात असल्याने ‘मी गदा उचलली’ हे दोघांनाही चालते. अडचण उरते ती वर्तमानाची आणि अकर्मक भूतकाळाची; म्हणजे नेमकी त्या क्षणांची, जेव्हा गायिका कथा सांगण्याचे सोडून कथेत उभी राहते. अनुवादकाने तेथे जो स्वर निवडला तो निवडला म्हणून सांगावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

अलीकडे बोलण्याचे आपोआप लिखितात रूपांतर करणारी यंत्रणा भारतीय भाषांसाठीही उपलब्ध होत आहे. अस्पष्ट ऐकू आलेला शब्द ती संभाव्यतेने भरते. या अर्थाने ती ग्रामोफोनपेक्षा लघुलेखकाच्या अधिक जवळची आहे. परंतु संभाव्यता कोणत्या भाषेच्या साठ्यावरून मोजली गेली, हा प्रश्न छत्तीसगढीसारख्या भाषेत गंभीर होतो. २००७ साली राज्याच्या राजभाषेचा दर्जा मिळूनही छत्तीसगढी आठव्या अनुसूचीबाहेरच आहे आणि तिच्या शेजारी हिंदीचा अफाट लिखित साठा आहे. ‘जाथंव’चे ‘जाता हूँ’ करणारा हात उद्या यंत्राचा असेल आणि त्याच्या नावाची वासना नोंदवायला कोणी जागेवर नसेल.

मराठीत याबाबत एक चांगला आदर्श आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या आधी गावोगावी हाताने लिहून घेतल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या काहींचे ध्वनिमुद्रण झाले. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव ठेवण्याची शिस्त तेथे पाळली गेली. हिराइसेच्या वासनेशी तिचे नाते उघड आहे. लिहून घेणाऱ्याचे नावही त्याच रकान्याशेजारी हवे, असे मात्र मी म्हणेन.

पंडवानीच्या पाठाची मांडणी करताना पानाचे दोन स्तंभ करावेत, एक गायकाचा आणि एक रागीचा, असे सुचवावेसे वाटते. छपाईला ते खर्चिक आहे आणि वाचायला सुरुवातीला त्रासदायक. पण हुंकारू कोठे येतो, कोठे उशिरा येतो आणि कोठे मुद्दाम येत नाही, हे त्याशिवाय दिसणार नाही. तंबुऱ्याचा प्रश्न तरीही राहतोच. तंबुरा गदा होतो, धनुष्य होतो, द्रौपदीचे मोकळे केस होतो. आणि हे सर्व होत असताना ध्वनिफितीवर पुष्कळदा फक्त घुंगरांचा आवाज आणि पाठोपाठ श्रोत्यांची गलबल एवढेच असते. लिप्यंतरकार तेथे टिंबे देतो किंवा कंसात ‘विराम’ लिहितो. मंडपात त्या क्षणी विराम नसतो, भीम दुःशासनाच्या छातीवर बसलेला असतो.